फुलांचे ठसे आणि हाताने केलेली शुभेच्छापत्रे

शुभेच्छापत्र ही वस्तू आपल्याकडे तशी अलीकडची. सणावारी पत्र लिहिण्याची चाल मात्र जुनी आहे. दसऱ्याच्या पत्रात आपट्याचे पान आणि संक्रांतीच्या पत्रात हलव्याचे चार दाणे घालून पाठविणारी माणसे आपल्या आजी-आजोबांच्या पिढीत घरोघर होती. पुढे छापील कार्डे आली. ती पाकीट न चिकटविता, कोपऱ्यात ‘बुकपोस्ट’ असे लिहून, कमी तिकिटात जात असत. आता दिवाळीच्या पहाटे फोनवर एकच पणती सतरा जणांकडून येते आणि आपणही ती अठराव्याला धाडतो. त्याबद्दल तक्रार करण्यासाठी हा लेख नाही. पणती पाठविणाऱ्याच्या मनात सद्भावना असतेच. गेली दोन वर्षे मी स्वतः कोरलेले ठसे आणि पाण्यात विरघळणारे रंगखडू वापरून फुलांची शुभेच्छापत्रे करीत आहे. त्या उद्योगात जे हाती लागले ते येथे मांडावे, आणि आपल्यापैकी कोणाला करून पाहावेसे वाटले तर त्याचे काम थोडे सोपे व्हावे, एवढाच हेतू आहे.

हाताने केलेले म्हणजे सारेच्या सारे हाताने काढलेले, असा आपला समज असतो. पण एकाच फुलाचे चित्र वीस वेळा काढावयास बसावे म्हणजे काय होते ते कळते. सहाव्या प्रतीपर्यंत उत्साह टिकतो, दहाव्या प्रतीत पाकळ्या आपोआप गोल होऊ लागतात आणि पंधराव्या प्रतीतील फूल कोणत्याच झाडाचे राहात नाही. अशा वेळी ठसा उपयोगी पडतो. एकदा नीट पाहून, नीट कोरून ठेवलेली रेषा तो विसाव्या वेळीही तशीच देतो. मग हात रंगासाठी मोकळा राहतो.

ही वाटणी काही माझ्या डोक्यातून निघालेली नाही. इंग्लंडात हेन्री कोल नावाच्या गृहस्थाने १८४३ साली जॉन हॉर्सली या चित्रकाराकडून नाताळचे एक कार्ड काढवून घेतले. व्यापारी रीतीने विकले गेलेले ते पहिले नाताळ-कार्ड म्हणून ओळखले जाते. त्याच्या सुमारे एक हजार प्रती काढल्या होत्या. त्यातील रेषा शिळाछापाच्या होत्या आणि रंग हाताने भरले होते. म्हणजे छापील शुभेच्छापत्राचा आरंभच मुळी अर्ध्या हातकामाने झाला. पण इतके दूर तरी कशाला जावे? आपल्या पेण आणि हमरापूरच्या बाजूला गणपतीच्या कारखान्यांत हीच रीत डोळ्यांसमोर चाललेली असते. मूर्ती साच्यातून निघते. एका साच्याच्या शेकडो मूर्ती ओळीने मांडलेल्या असतात आणि त्या अंगाने एकसारख्याच असतात. परंतु डोळ्यांची आखणी हाताने होते, आणि ते काम अनुभवी कारागिराकडे असते. त्या आखणीनंतर दोन मूर्ती शेजारी ठेवून पाहाव्यात. चेहरे निराळे वाटतात. साचा वापरला म्हणून त्या मूर्तीला कोणी यंत्राची म्हणत नाही.

ठसा हा शब्दही आपल्या घरात रुळलेला आहे. गौरी आणताना मुठीची कड पिठात किंवा ओल्या कुंकवात बुडवून उंबऱ्यापासून पावले उमटवितात, तो ठसाच. भोकाभोकांच्या डब्यातून रांगोळीचे कमळ उठते, तोही ठसाच. शिवकालीन पत्रांत आरंभी शिक्का असे आणि मजकूर संपला की मोर्तब असे. मोर्तबाखाली कोणी आगाऊ ओळ घुसडू नये, ही त्यातील योजना. ‘शिक्कामोर्तब’ हा आपल्या रोजच्या बोलण्यातील शब्द तेथूनच आला. कार्डाच्या आत मजकुराखाली एक चिमुकले फूल उमटवावे असे मला नेहमी वाटते, ते बहुधा या मोर्तबाच्या आठवणीनेच.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. ज्याने कधीच ठसा उठविलेला नाही त्याने भाजीपासून सुरुवात करावी. जून भेंडी आडवी कापली की पाच कप्प्यांचे फूल तयारच मिळते. कधी सहा-सात कप्पेही निघतात. कापलेला भाग जुन्या फडक्यावर दाबून चिकटपणा टिपून घ्यावा, नाही तर रंग घसरतो आणि उमटलेले फूल शेंबडे दिसते. येथे एक गंमत सांगण्यासारखी आहे. स्वयंपाकघरातील भेंडी, अंगणातील जास्वंद आणि खाडीकाठचे भेंडीचे झाड (ज्याला कोणी परसभेंडी म्हणतात) ही तिन्ही एकाच कुळातील आहेत. वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकात हे वाचले होते. पण भेंडीच्या कापाचा पाच कप्प्यांचा ठसा उठवून त्याशेजारी जास्वंदीचे पाच पाकळ्यांचे फूल ठेवले, तेव्हा ते नाते प्रथम पटले. कांदा आडवा कापला तर वर्तुळात वर्तुळे उमटतात आणि कडा खडूने थोड्या चिरल्या की त्याची शेवंती होते. मात्र यासाठी साधा लाल कांदाच घ्यावा. आपल्या अलिबागच्या पांढऱ्या कांद्याला भौगोलिक मानांकन मिळाल्यापासून त्याच्या वेणीचा भाव असा झाला आहे की, त्याचे ठसे करणाऱ्याला घरात जेवण मिळणार नाही.

भाजीचा ठसा तासाभरात मऊ पडतो. टिकाऊ ठशासाठी मोठे खोडरबर सर्वांत सोयीचे. ते न मिळाल्यास झिजलेल्या रबरी चपलेचा तळवा घ्यावा. तो जरा सच्छिद्र असतो, पण मोठ्या पानाला ती खरबरीतच शोभते. फुलाचे चित्र पातळ कागदावर मऊ पेन्सिलीने गिरवावे, कागद रबरावर उपडा ठेवून नखाने घासावा. चित्र रबरावर उलटे उतरते आणि छापताना पुन्हा सुलटे होते, त्यामुळे डाव्या-उजव्याचा घोळ राहात नाही. कोरताना पाते रेषेपासून बाहेरच्या अंगाला कलते धरावे. रेषेचा पाया रुंद राहिला पाहिजे. सरळ किंवा आतल्या अंगाने कापले तर वरून रेषा नाजूक दिसते खरी, पण दहा-बारा वेळा दाबल्यावर ती वाकते व तुटते. कोरलेल्या रबरामागे लाकडाचा ठोकळा चिकटविला की दाब सगळीकडे सारखा पडतो.

काय कोरावे हा खरा प्रश्न आहे आणि त्यावर थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे. आपल्यापैकी बहुतेकांनी शाळेत एलिमेंटरीची परीक्षा दिलेली असते. त्यात संकल्पचित्र असते. त्या संकल्पचित्रासाठी आपण सर्वांनी एक फूल पाठ केलेले असते: मध्ये गोल, भोवती पाच पाकळ्या, खाली दोन पाने. ते फूल कोणत्याही चौकोनात बसते आणि कोठेही फुलत नाही. बाजारातील छापील कार्डांवर ट्यूलिप असतात, लांब देठाचे गुलाब असतात. त्यांच्याशी माझे वैर नाही. परंतु आक्षी-नागावच्या वाळूत उभे राहून ज्या मुलाने ट्यूलिप काढला आहे त्याला पायाखालच्या वेलीचे नाव विचारावे. ती वेल मर्यादावेल असते. तिचे पान आपट्यासारखे दोन पाळ्यांचे, फूल नरसाळ्याच्या आकाराचे व जांभळट गुलाबी. भरतीच्या रेषेच्या वर ती जाळे पसरते आणि वाळू धरून ठेवते. तिच्या पानाचा एकच ठसा मी कोरला आहे. हिरव्यात दाबला की तो किनारा होतो आणि पिवळ्यात दाबला की दसऱ्याचे सोने होते.

ठसा कोरायचा म्हटले की मोजावे लागते. पाकळ्या किती, त्या एकमेकींवर कोणत्या बाजूने चढतात, देठ पानाला मध्ये मिळतो की टोकाला, हे ठरविल्याखेरीज पाते टेकविताच येत नाही. पेन्सिलीने काढताना संशयाची जागा पुसट करून पुढे जाता येते. रबरात तसे करता येत नाही. एक तर जागा राहते किंवा जाते. बकुळीचे फूल मी यासाठी भिंगाखाली धरले तेव्हा त्याच्या झालरीत चोवीसच्या आसपास टोके निघाली. सेंटिमीटरभर फुलात चोवीस टोके कोरणे माझ्या पात्याला शक्य नव्हते. म्हणून बकुळ मी ठशात घेत नाही. कार्डात सुकलेली चार फुले घालते, वास ती स्वतःच घेऊन जातात.

आता रंगखडूंविषयी. १९३१ साली दांडेकर बंधूंनी मुंबईत सुरू केलेल्या कॅम्लिनच्या रंगांवर आपल्याकडील कित्येक पिढ्या वाढल्या. त्यातील साधा मेणखडू आपण सर्वांनी हाताळलेला आहे. त्यातील मेण पाण्याला जवळ येऊ देत नाही. म्हणून मेणखडूने रेघ ओढून वरून पाणीरंग फिरविला तर रेघ कोरडीच राहते. मी म्हणते ते खडू दिसायला तसेच, पण त्यातील रंग धरून ठेवणारे द्रव्य पाण्यात विरघळणारे असते. कोरडा ओढला तर खडू, वर ओला कुंचला फिरविला तर जलरंग. कलासाहित्याच्या दुकानात ‘वॉटरकलर क्रेयॉन’ असे विचारावे. महाग पडतात, पण बारांच्या पेटीची जरूर नसते. पिवळा, किरमिजी, निळा, गडद हिरवा आणि एक तपकिरी एवढ्यांवर माझी दोन वर्षे निघाली आहेत.

ते वापरण्याच्या दोन तऱ्हा आहेत. पहिली म्हणजे खडू थेट ठशावर घासायचा. पाकळ्यांच्या टोकांवर पिवळा, मध्याकडे किरमिजी, असे दोन-तीन रंग एकाच ठशावर बसतात. मग आरशावर वाफ सोडतो तसा ठशावर तोंडाने एक ऊबदार श्वास सोडायचा आणि लगेच कागदावर दाबायचा. तेवढा ओलावा पुरतो. पाणी शिंपडले तर रंग ओघळतो. ठसा उचलून, पुन्हा न रंगविता, नुसता श्वास सोडून शेजारी दाबला की दुसरे फूल फिकट उमटते. ते आपोआप मागे गेल्यासारखे दिसते. भेंडीच्या झाडाच्या फुलाला ही रीत फार मानवते. ते फूल सकाळी पिवळे असते, पोटात गडद लाल डाग असतो, आणि कोमेजताना सगळेच तांबूस जांभळे होत जाते. त्यामुळे एकाच ठशातून सकाळचे आणि संध्याकाळचे अशी दोन्ही फुले एका फांदीवर दाखविता येतात, आणि झाडावर ती तशीच असतात.

दुसरी तऱ्हा सावकाशीची. आधी न पसरणाऱ्या काळ्या किंवा तपकिरी शाईत रेषांचा ठसा उठवायचा आणि तो पूर्ण वाळू द्यायचा. कचेरीतील जांभळ्या पॅडची शाई येथे चालत नाही, पाणी लागताच ती पाकळीभर पसरते. मग ओल्या कुंचल्याचे टोक खडूच्या टोकावर फिरवून रंग उचलायचा आणि पाकळीच्या बुडाशी ठेवायचा. कुंचला धुऊन, अर्धवट टिपून, तो रंग बाहेर ओढत न्यायचा. बुडाशी गडद, कडेला नाहीसा, असा उतार मिळतो. यात रंग भरण्यापेक्षा थांबण्याचे कसब अधिक. कागदाचा थोडा भाग कोरा राहिला तरच फुलावर ऊन पडल्यासारखे वाटते.

कागदाबाबत दोन गोष्टी. यंत्रावरच्या कागदाला धागा असतो. कार्डशीट दोन्ही दिशांनी हलकेच वाकवून पाहावी. ज्या दिशेने ती सहज वाकते त्या दिशेने घडी घालावी. उलट घडी घातली तर कड फुटते आणि आतील तंतू दिसतात. हातकागद चांगला, दिसायला तर फारच. गांधीजींच्या प्रेरणेने पुण्यात १९४० साली हातकागद संस्था निघाली तेव्हापासून तो आपल्याकडे मानाने वापरला जातो. पण तो पाणी पितो. त्यावर पहिल्या रीतीनेच काम करावे, ओला कुंचला फार फिरवू नये. दुसरी गोष्ट हवेची. आपल्या किनाऱ्यावर जून ते सप्टेंबर कागद सर्द असतो, हातात घेतला तर आवाज करीत नाही, आणि शाई दुसऱ्या दिवशीही बोटाला लागते. ऑक्टोबरचे ऊन पडू लागले की कागद खुळखुळू लागतो. दिवाळीच्या कार्डांना तेवढेच पंधरा-वीस दिवस मिळतात. कोरण्याचे काम पावसात आणि छापण्याचे उन्हात, असे मी वाटून घेतले आहे.

एक फूल मात्र या सर्व रीतींना पुरून उरले, आणि त्याच्यासाठीच हा उद्योग मी मनावर घेतला. ते उंडीचे. आमच्या वाडीच्या समुद्राकडील कडेला उंडीचे जुने झाड होते. उंडी म्हणजे किनाऱ्याचेच झाड. पाने जाड, चकचकीत, आणि त्यांच्या शिरा मधल्या शिरेपासून निघून एकीला एक लागून समांतर जातात, विंचरल्यासारख्या. फळे गोट्यांएवढी गोल. बियांचे तेल पूर्वी दिव्यात जाळीत आणि होड्यांच्या लाकडाला लावीत. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर आले. त्या दुपारी नारळी-पोफळीच्या वाड्यांचे जे झाले ते मुरूड-श्रीवर्धनच्या विद्यार्थ्यांना मी सांगावयास नको. नारळ-पोफळींची मोजदाद झाली, पंचनामे झाले. उंडीची कोणी मोजदाद केली नाही. तिचे उत्पन्न नसते. आमची उंडी मुळासकट आडवी झाली आणि पावसाळ्यानंतर सरपणाला गेली.

माझी आत्या लग्न होऊन डोंबिवलीला गेली त्याला पस्तीस वर्षे झाली. उंडी पडल्याचे तिला कळविले तेव्हा ती एवढेच म्हणाली, “तिचा एक फोटो तरी असेल ना गं कोणाकडे?” घरात पाहिले. लग्नांचे फोटो आहेत, गणपतीचे आहेत. काहींत मांडवाच्या मागे उंडीचा बुंधा आहे. फुलांचा एकही नाही. रोज खाली पडणाऱ्या फुलाचा फोटो कोण काढतो? म्हणून दुसरे उंडीचे झाड शोधून तेथील फुले आणली आणि मांडून बसले.

अडचण अशी की, उंडीचे फूल पांढरे आणि कागदही पांढरा. पाकळ्यांना काळी कड दिली की ते फूल भरतकामाच्या नमुन्यासारखे दिसते. रंगीत कागदावर पांढरा खडू वापरला तर ते खडूसारखेच दिसते. शेवटी उलट बाजूने काम केले. पातळ कागदातून फुलाच्या आकाराचे झाकण कापले आणि ते कार्डावर ठेवले. मग पानाचा ठसा, ज्यात त्या विंचरलेल्या शिरा एकेक करून कोरल्या होत्या, गडद हिरव्यात घेऊन झाकणाच्या कडेवर चढेल असा चारही बाजूंनी उठविला. झाकण उचलले तेव्हा पानांच्या मध्ये फूल होते, तेवढा भाग छापलाच गेला नव्हता. पाकळ्यांच्या बुडाशी अगदी पातळ हिरवट पाणी फिरविले. मध्ये पिवळ्या खडूचे टोक टेकवून टेकवून केसरांचा झुबका केला आणि त्यात टाचणीच्या डोक्याएवढा एक गुलाबी ठिपका दिला. उंडीच्या फुलात तो गुलाबी गोळा असतोच, पुढे त्याचेच फळ होते.

झाकणाची ही युक्ती इतर फुलांनाही लागू पडते. पुढचे फूल आधी छापून त्यावर झाकण ठेवले आणि मग मागचे छापले, तर एकामागे एक अशी फुले दाखविता येतात. मात्र झाकण आकारापेक्षा केसभर लहान कापावे, नाही तर दोन फुलांमध्ये पांढरी फट राहते.

ते कार्ड मी आत्याला पाठविले. आत मजकूर नेहमीचाच, दिवाळीच्या शुभेच्छा. आठवड्याने तिचा फोन आला. शुभेच्छांबद्दल ती काही बोलली नाही. म्हणाली, “आणखी पाच करून पाठव. आत काही लिहू नकोस, ते मी लिहीन.” तिची भावंडे पाच आहेत, कोणी नालासोपाऱ्याला, कोणी पुण्याला, एक काका बडोद्याला. उंडीखाली खेळलेली तेवढीच माणसे आता राहिली आहेत.

पाचही कार्डे मी त्याच ठशांनी केली. पाने थोडी फिरवून घेतली, एकात कळी घातली, एकात पाकळी गळालेली दाखविली. त्यामुळे कोणतीही दोन अगदी एकसारखी झाली नाहीत, पण झाड एकच आहे हे कोणालाही कळावे. मोजमाप सांगायचे तर, २१० बाय २९७ मिलिमीटरच्या कार्डशीटचे दोन भाग करून प्रत्येकाला मध्ये घडी घालते. चौरस मीटरला २५० ग्रॅम वजनाचा कागद असेल तर एक कार्ड जेमतेम ८ ग्रॅम भरते, पाकिटासह ते साध्या पत्राच्या पहिल्या २० ग्रॅमच्या टप्प्यात सहज बसते. पाकीट घरीच करावे. टपालाचा शिक्का जोरात पडतो, म्हणून चित्राची बाजू पाकिटात तिकिटाच्या विरुद्ध अंगाला ठेवावी.

काम झाल्यावर ठसे कोमट पाण्याने व जुन्या दात घासण्याच्या ब्रशाने धुवावेत, सावलीत वाळवावेत आणि रबराला रबर लागू न देता एकेक कागदात गुंडाळून ठेवावेत. उन्हात ठेवलेले रबर वर्षभरात तडकते. माझ्याजवळ सध्या मर्यादावेलीचे पान, भेंडीच्या झाडाचे फूल, जास्वंद, पांगाऱ्याची एक पाकळी आणि उंडीचे पान एवढे ठसे आहेत. ज्यांना वापरून पाहावयाचे असतील त्यांनी दिवाळीच्या सुट्टीपूर्वी मागून न्यावेत. आपल्या गावचे, आपल्या वाडीचे जे फूल माझ्या डब्यात नाही ते कोरून आणले तर त्याचा एक ठसा मलाही उठवू द्यावा.